हातमोजे घातलेला शोमरोनी

"आत्या, हिला सांग ना, मला हात नको लावू. हिच्या हाताला वास येतो."

एस्तेर हे झोपून म्हणाली. जमिनीवर, पाठीवर, डोळे मिटून. कपाळावर लाल शाईचं रक्त. ती अर्धमेली होती. म्हणजे नाटकात. दरोडेखोरांनी तिला मारून, लुटून रस्त्यात टाकलं होतं आणि मी तिला वाचवायला आले होते. गुडघे टेकून मी तिच्या खांद्याखाली हात घालत होते, तेवढ्यात त्या अर्धमेल्या माणसानं नाक मुरडलं.

तालीम थांबली. कोणी हसलं नाही. हसल्या असत्या मुली तर बरं झालं असतं. त्यांनी नुसत्या माना हलवल्या. म्हणजे, हो, येतोच.

आणि मी काय केलं असेल? मी माझा हात नाकाशी नेला. हुंगला. सगळ्यांसमोर. मग म्हणाले, "सॉरी हां, एस्तेर."

सॉरी! ह्या थोबाडानं! आज ती पोरगी मला कुठे भेटली तर मी तिच्या एक मुस्काटात ठेवून देईन. पण ती मीच. त्यामुळे राहतं.

दोन वर्षं मी मासळीला हात लावला नव्हता. हे नीट ऐका. दोन वर्षं मी बोर्डिंगात होते, तिथं आठवड्यातून एकदा मटण, बाकी डाळ आणि भोपळा. वर मी हात घासायची. राखेनं, लिंबाच्या सालीनं, शिकेकाईनं. तिथल्या मोठ्या बाईंच्या न्हाणीघरात सुगंधी साबणाच्या झिजलेल्या चिपा पडायच्या, त्या मी गोळा करून, ओल्या करून, दाबून त्यांचा एक लाडू केला होता. तो लाडू मी प्रार्थनेला जाण्याआधी हातांवर फिरवायची. देवाला वास येऊ नये म्हणून. तरी एस्तेरला वास आला. तो माझ्या हातावर नव्हताच. तो तिला माझी आय कोण हे ठाऊक होतं त्याचा होता. पण एवढं कळायला अक्कल लागते. माझ्याकडे साबणाचा लाडू होता.

मी दांडीची. समुद्रावरची. बाप दुसऱ्याच्या होडीवर जायचा, आय मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची. बाजारात बसण्याआधी ती बेटेगावकडच्या एका आमराईत वळायची. तिथं एक मिशन होतं. शाळा, मुलींचं बोर्डिंग, छोटा दवाखाना. कोणतं मिशन ते मी सांगणार नाही. नाव सांगितलं की त्यांचे आजचे लोक शोधत येतील आणि माझ्यावर प्रेम करतील. नको.

मिशनच्या मोठ्या बाई पुण्याकडच्या. गोऱ्या, नाकेल्या, इस्त्रीच्या पातळातल्या. त्यांचे पणजोबा कधीतरी ख्रिस्ती झाले होते, पण पणजोबा आधी कोण होते हे बाई अजून विसरल्या नव्हत्या आणि दुसऱ्याला विसरू देत नव्हत्या. त्या मागच्या दारी आयकडून पापलेट घ्यायच्या. एकदा आयनं पाटी उतरवली आणि विचारलं, "बाय, माझी पोर शिकंल काय तुमच्यात?" बाईंना गहिवरून आलं. मागच्या दारीच.

अशी मी आत आले. आणि आल्या दिवसापासून बाईंच्या प्रेमात पडले. त्या चालायच्या तशी मी चालायचे. 'नाय' सोडून 'नाही' म्हणायला लागले. सुट्टीत दांडीला गेले तर आय म्हणायची, "ही कोणाची पोर पाठवली गो माझ्या घरा?" मला ती शाबासकी वाटायची.

बाईंचा एक लाडका उपदेश होता. शेजाऱ्यावर प्रेम करा, जसं स्वतःवर करता तसं. तो त्यांनी भिंतीवर भरतकाम करून टांगला होता, कडेनं निळी फुलं काढून. नुसता टांगला नव्हता, पाळतही होत्या. दर शनिवारी. शनिवारी दुपारी आम्ही चार मुली त्यांच्याबरोबर जवळच्या वारली पाड्यावर जायचो. दुधाची पावडर, जुने कपडे, गोळ्या. बाई पाड्याच्या कुंपणाशी उभ्या राहायच्या. छत्री उघडून. आत मी जायचे. झोपडीत शिरायचं, पुडी हातात ठेवायची, "बाईंनी दिली" म्हणायचं, बाहेर यायचं. बायका कुंपणापर्यंत यायच्या आणि बाईंना हात जोडायच्या. एखादी म्हणायची, बसा, कोरा चहा टाकते. बाई गोड हसायच्या. "आत्ताच घेतला गं."

दोन वर्षांत मी कधी त्यांना त्या पाड्यावर पाण्याचा घोट घेताना बघितलं नाही. त्या दर शनिवारी आत्ताच घेऊन यायच्या.

लखमी त्याच पाड्यावरची. माझ्याबरोबर बोर्डिंगात होती. माझ्या बाजूला सतरंजी टाकायची. ती एकदा म्हणाली, "तुझी बाई देते लय. घेत काय नाय." मी तिला झापलं. म्हटलं, कृतघ्न आहेस. हा शब्द मी बाईंकडून शिकले होते आणि कुठेतरी वापरायचा होता.

आता नाटकाकडे येते.

नाताळच्या आधी मिशनचे परदेशातले पाहुणे येणार होते. तारापूरला अणुवीज प्रकल्पाचं काम चालू होतं, तिथले साहेब आणि त्यांच्या मडमाही बोलावल्या होत्या. बाईंनी ठरवलं, येशूनं सांगितलेली शेजाऱ्याची गोष्ट मुलींनी करून दाखवायची. तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. एक माणूस वाटेनं चाललेला असतो. दरोडेखोर त्याला मारतात आणि टाकून जातात. देवळातला याजक येतो, बघतो, पलीकडून निघून जातो. मग लेवी येतो, तोही देवळातलाच. तोही जातो. शेवटी येतो शोमरोनी. शोमरोनी म्हणजे तिथले मोठे लोक ज्यांना जवळ येऊ देत नसत त्यांतला. तो थांबतो. जखमांवर तेल ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या गाढवावर घालून त्याला धर्मशाळेत नेतो. गोष्ट एवढीच. ह्यातला शेजारी कोण, ते तुम्ही सांगा, म्हणतो येशू.

बाईंनी कामं वाटली. याजक आणि लेवी झाल्या चांगल्या घरच्या दोघी. काजळाच्या मिश्या काढून. दरोडेखोर झाल्या वारली पोरी. त्यांना तोंड रंगवायला नको, असं कोणीतरी म्हणालं आणि बाई "अगं, असं बोलू नये" म्हणाल्या आणि रंग आणला नाही. मार खाऊन पडणारा प्रवासी झाली एस्तेर. ही बाईंच्या भावाची मुलगी, सुट्टीला पुण्याहून आलेली. तिला लक्षात राहील असं काम हवं होतं पण बोलायचं नव्हतं. गाढव झाल्या लखमी आणि तिची चुलतबहीण, गोणपाट पांघरून. लखमी पुढचं अर्ध.

आणि शोमरोनी मी.

बाई म्हणाल्या, "तुला अभिनय करावाच लागणार नाही. तू आलीस की लोकांना कळेल."

मला वाटलं माझ्यात कला आहे. खरंच सांगते. त्या दिवशी मी आरशासमोर उभी राहून दया आल्याचं तोंड करून बघितलं. बराच वेळ. दातदुखीसारखं दिसत होतं.

लखमीनं विचारलं, "तुला शोमरोनी कशापायी केला, कळला काय?"

"मुख्य काम आहे ते," मी म्हणाले.

"माझा गाढव गोणपाट काढला का संपला. तुझा शोमरोनी कसा निघंल?"

मी तिच्याशी बोलणं सोडलं. तेवढीच अक्कल.

ह्यात आणखी एक गोष्ट होती आणि ती खरी होती. आमचा दवाखाना ज्या मोठ्या मिशनचा होता, त्यांची लांब घाटावर नर्सिंगची शाळा होती. आमच्याकडून एका मुलीचं नाव जायचं. त्या वर्षी बाई मला म्हणाल्या होत्या, नाटक नीट होऊ दे, पाहुण्यांना तुला भेटवते, मग तुझंच नाव पाठवते. मला नर्स व्हायचं होतं. चेष्टा नाही. आमच्या गावात बाळंतीण अडली की खाटेवर घालून, बैलगाडीतून बोईसरला न्यायची, आणि अर्ध्या वाटेतून गाडी परत वळायची. माझी मोठी बहीण अशीच परत आली होती. तेव्हा त्या नावासाठी मी काहीही केलं असतं. करत होते. हात हुंगत होते.

तर तालीम थांबली, हे मी सांगितलं. एस्तेर पडूनच होती. बाईंनी जरा विचार केला. त्यांना राग आला नाही, एस्तेरचाही नाही. त्या उपाय शोधणाऱ्या होत्या. परदेशातून जुन्या कपड्यांच्या पेट्या यायच्या. बोईसरच्या उकाड्यात वाटायला लोकरीचे कोट आणि कानटोप्या. त्यांतल्याच एका पेटीतून बाईंनी हातमोजे आणले. पांढरे, सुती, मनगटाशी मोत्यासारखं बटण.

"हे घाल. एस्तेरला त्रास नको आणि तुलाही संकोच नको."

मी ते घातले. आणि आता ऐका माझा पराक्रम. मला आनंद झाला. एवढे सुंदर हातमोजे! मी हात पुढं-मागं करून बघत राहिले. बटण लावलं, काढलं, लावलं. झोपताना ते उशाखाली ठेवले. अपमान माझ्या मापाचा शिवून आणला होता आणि मी म्हणत होते, काय छान बसतोय.

पण बाईंचं समाधान होईना. हातमोज्यांमुळे मी जरा बऱ्यापैकी दिसायला लागले होते. शोमरोनी खालचा वाटला पाहिजे. त्यांनी मला बोलावलं. "तुझ्या आईची पाटी आण. डोक्यावर घेऊन ये. तेलाची बाटली त्यात ठेवू. पाटी खरी हवी. वास नको, पण खरी हवी."

आय बाजारच्या दिवशी आली तेव्हा मी पाटी मागितली. तिच्याकडे एकच होती. तिनं उरलेली मांदेली लुगड्याच्या फडक्यात बांधली आणि रिकामी पाटी माझ्या हातात दिली.

"मग तू उद्या कशात नेशील?"

"काशीची घेते. तिची आन माझी काय वेगली हाय?"

काशी म्हणजे आमच्या शेजारची. कुडाच्या पलीकडची. दोघींचं आठवड्यातून तीनदा भांडण व्हायचं, पाण्यावरून, कोंबड्यांवरून. भांडण चालू असलं तरी पाटी द्यायची.

पाटी आत गेली आणि बाईंनी ती स्वयंपाकिणीकडून फिनेलनं धुवून घेतली. दोनदा. वाळायला आमराईत उलटी घातली तेव्हा मुंग्याही तिच्याजवळ येईनात.

नाटकाचा दिवस. चार वाजताची वेळ. आंब्याखाली चादरींचा पडदा, समोर पाहुण्यांना खुर्च्या, मागे पालकांना सतरंज्या. आय सकाळपासून आलेली. काशीचं लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून. तिला सतरंजीवर बसवलं नाही. मागे, कुंपणाशी बसवलं. आधी एका कडेला बसवलं होतं, मग स्वयंपाकीण येऊन म्हणाली, वारा तिकडून येतोय, तू ह्या बाजूला हो. वारा बघून शीड फिरवतात तशी माझी आय फिरवली. आयला वारा बाईंपेक्षा जास्त कळत होता. ती उठली, ह्या बाजूला बसली.

पडदा उघडायच्या आधी ती मागे आली. मला बघायला. मी तयार होऊन उभी. अनवाणी पाय, फाटका सदरा, डोक्यावर पाटी आणि दोन हात मडमेचे.

तिची नजर थेट हातांवर.

"हात भाजलं काय गो?"

"नाय आय. नाटकाचे हाय." घाईत माझं 'नाय' परत आलं होतं.

"नाटकात रोग झालाय तुला?"

"मला काय नाय झाला. मी तिला वाचवते."

"वाचवणारी हात झाकते? मग रोग कोणाला, तिला?"

"तिला वास येतो माझा."

आयनं माझ्या डोक्यावरची पाटी खाली घेतली, नाकाशी नेली आणि झटक्यात मान मागे केली.

"ही कसली घाण मारली हिला?"

"फिनेल."

"आता हीत मासली कोण घेल माझी?"

हे ती ओरडून नाही म्हणाली. विचारल्यासारखं म्हणाली. तिला खरंच प्रश्न पडला होता. मग तिनं पाटी माझ्या डोक्यावर परत ठेवली, नीट, तोल बघून, आणि माझा हात हातात घेतला. बोटं चाचपली. पुन्हा चाचपली.

"तुझा हातच लागत नाय गो," ती म्हणाली. आणि जाऊन कुंपणाशी बसली. वाऱ्याच्या योग्य बाजूला.

मी तिथं उभी राहिले. गाढवाच्या आतून लखमी म्हणाली, "रडू नको. पाटी पडंल."

मी रडत नव्हते. मला आयुष्यात पहिल्यांदा घाण वास आला होता. फिनेलचा, साबणाच्या लाडवाचा, माझा.

पडदा उघडला. दरोडेखोरांनी एस्तेरला मारलं, जरा जास्तच मारलं असं वाटलं मला. याजक आला, गेला. लेवी आला, गेला. खुर्च्यांमध्ये हळहळ. बाई कडेला उभ्या राहून गोष्ट सांगत होत्या, आणि एक गोरा पाहुणा, ज्याला मराठी थोडंफार यायचं, तो बाकीच्यांना कुजबुजून अर्थ सांगत होता.

"तेवढ्यात तिथून एक शोमरोनी चालला होता," बाई म्हणाल्या. आवाज मऊ करून. "ज्याला लोक तुच्छ लेखत. ज्याची सावलीही नको म्हणत."

मी आले. एका मडमेनं "ओह" केलं. बाई म्हणाल्या होत्या तसंच. अभिनय लागलाच नाही.

मी पाटी उतरवली. गुडघ्यावर बसले. बटणं काढली. एक हातमोजा काढला, दुसरा काढला, बाजूला ठेवले. आणि उघडा हात एस्तेरसमोर धरला. माझा हात. बोटांवर लहानपणी करंदी सोलताना लागलेल्या काट्यांचे बारीक पांढरे डाग.

मला खरंच तिला उचलायचं होतं. हे मी आजही शपथेवर सांगेन. तिनं नुसतं पडून राहायचं होतं. तेवढंच तर काम होतं तिचं.

एस्तेरनं एक डोळा उघडला. ओठ न हलवता म्हणाली, "ए, मोजे घाल आधी."

रक्त वाहतंय, कपडे लुटलेत, दोघे टाकून गेलेत, जीव जातोय. आणि म्हणते, मोजे घाल आधी.

मी उठले. पाटी डोक्यावर घेतली. आणि पुढे चालायला लागले.

"शोमरोन्याला त्याची दया आली," बाई म्हणाल्या.

मी चालत राहिले.

"दया आली," बाई जोरात म्हणाल्या. "आणि तो थांबला!"

मी पडद्याच्या कडेला पोचले. मागे खुरांचा आवाज नाही, पण गोणपाटाचा सळसळाट आला. गाढव माझ्यामागे येत होतं. आधी लखमी, मग मागचं अर्ध, धडपडत. त्या गाढवाला दोन दिवस शिकवलं होतं की शोमरोनी जाईल तिकडे जायचं. ते गेलं.

एस्तेर तिथंच पडून. उचलल्याशिवाय उठायचं नाही असं तिलाही शिकवलं होतं. रिकाम्या रंगमंचावर एकटा प्रवासी आणि त्याच्या शेजारी पांढऱ्या हातमोज्यांची जोडी. बराच वेळ. मग पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं गोष्ट अशीच आहे. एक मडम डोळे पुसत होती म्हणे. मागून कुंपणाजवळून एकटी आय हसत होती, तोंडाला पदर लावून. ते हसू मला टाळ्यांमधूनही ऐकू आलं.

बाईंनी मला त्यांच्या खोलीत नेलं. भरतकामाखाली उभं केलं. त्या रडत होत्या. मला मारलं असतं तर बरं, पण त्या मारणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"तुला दया आली नाही?"

"आली होती बाई. तिला माझा हात नको होता."

"ख्रिस्ती माणूस अपमान मनात ठेवत नाही. क्षमा करतो."

"मग एस्तेरला सांगा, वासाला क्षमा कर."

त्यांचं रडं थांबलं. दोन वर्षांत मी त्यांना उलट बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं तेव्हा त्यांना पहिल्यांदा मी दिसले. त्यांना आवडलं नाही.

मग त्या मऊ झाल्या. हा त्यांचा मऊपणा मी ओळखते आता. लांबून ओळखते. म्हणाल्या, "हे बघ, उद्या पाहुणे जेवायला आहेत. एस्तेरची माफी माग. उद्या पुन्हा एकदा सगळं करून दाखव, नीट, हातमोजे घालून. नर्सिंगचं तुझं नाव मी अजून पाठवलेलं नाही. पण पाठवीन. मी तुझ्यावर रागावलेली नाही. माझं प्रेमच आहे तुझ्यावर."

पुढ्यात ठेवलं सगळं. एका बाजूला नर्स. पांढरा पोशाख, घाटावरची शाळा, दांडीच्या अडलेल्या बाळंतिणी, माझी बहीण. दुसऱ्या बाजूला काय? मासळीची पाटी. तीही फिनेल मारलेली.

माझी नात म्हणते, आजी, नर्सला हातमोजे घालावेच लागतात. ठाऊक आहे गं. तेव्हाही ठाऊक होतं. दवाखान्यात बघितले होते. नर्सचे हातमोजे तिचा हात रोग्याला लागू शकावा म्हणून असतात. माझे, तो लागू नये म्हणून होते. एवढा फरक समजायला शाळा लागत नाही. आयला कुंपणाजवळून समजला.

मी म्हणाले, "नाव पाठवू नका बाई."

"काय?"

"आमी तुमचे शेजारी नाय. शेजारी असतो तर तुमी कधी आमच्यात बसला असता. एकदा पाणी प्याला असता."

"कृतघ्न," बाई म्हणाल्या.

तो शब्द मला चांगला येत होता. मी मान हलवली आणि बाहेर पडले. माझा बाप्तिस्मा घाटावर जाण्याआधी व्हायचा होता. तोही राहिला. लखमीला बाईंनी त्याच आठवड्यात घरी पाठवलं. तिनं जाताना विचारलं म्हणे, गाढवानं काय केलं?

आय आणि मी बोईसरकडे चालत निघालो. आय म्हणाली, "नरस नाय होणार आता?"

"नाय."

बरंच अंतर चालल्यावर ती म्हणाली, "तुझ्या बहिणीला चाललं असतं, मोजे घातलेली नरस पण." आणि रडली. हे मी लपवत नाही. टाळ्या आणि हसू सांगितलं, तर हेही सांगते. आयनं मला शाबासकी दिली नाही. माझ्यामुळे कोणी वाचलं नाही. पुढे मी बोईसरच्या बाजारात बसले, उमरोळीला, पालघरला पाटी घेऊन फिरले, जन्मभर मासळी विकली. गाडी अर्ध्या वाटेतून वळायची ती पुढेही कितीतरी वर्षं वळत राहिली. ह्याचा हिशेब त्या बाईंच्या नावावर आहे, माझ्या नाही. हे मला ठरवायला फार दिवस लागले, पण ठरवलं ते पक्कं.

येशूची गोष्ट मी तिथं ठेवून आले नाही. घेऊन आले. त्यांची नव्हतीच ती. त्यांना ती उलटी दिसायची. त्यांना वाटायचं गोष्ट उचलणाऱ्याची आहे, म्हणून दर शनिवारी उचलायला निघायच्या, छत्री घेऊन. मला रस्त्यावरून चालताना कळलं, गोष्ट पडलेल्याची आहे. ज्याची सावली नको म्हणत होतास, त्याच्या हाताखाली आता अंग दे. तो तेल लावेल, लावू दे. त्याच्या गाढवावर बस. नको असेल तर मर. शेजाऱ्यावर प्रेम करायचं म्हणजे एवढंच आणि हेच त्या लोकांना मरेपर्यंत जमलं नाही. दुधाची पावडर वाटणं सोपं. सगळ्यांना येतं.

अजूनही येतात. आमच्या गल्लीत सणाला, पुराला, निवडणुकीला येतात. मोटारीतून, सगळ्या धर्मांचे, कपाळावर काही लावलेले आणि काही न लावलेले. "आजी, आम्ही तुमचेच," म्हणतात. मी त्यांना ओट्यावर बसवते. समोर पाण्याचा तांब्या ठेवते, मासळी कापता कापता उठून, हात न धुता. आणि बघत बसते. जो पितो त्याचं ऐकून घेते. जो आत्ताच घेतला म्हणतो, त्याला मी दारातून घालवते, त्याची पिशवी त्याच्या हातात देऊन. सून म्हणते, पिशवी तरी ठेवून घ्या. नाही ठेवणार. माझ्यावर प्रेम करून कोणी स्वर्गात जायचं नाही. माझ्या दारावरून तर नाहीच.